सुगंधी तेलांची मात्रा कुठवर चालेल?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा प्रश्न उग्र होत असताना वनस्पतींपासून मिळणाऱ्या सुगंधी तेलांकडे मोठ्या आशेने पाहिले जात आहे. प्रयोगशाळेत ही तेले जीवाणूंना मारतात, यात शंका नाही. मात्र प्रयोगशाळेतील काचेची बशी आणि रुग्णाचे शरीर यांत अंतर आहे. ते ओलांडण्यासाठी लागणारे काम अद्याप फारसे झालेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील निष्कर्ष कोणाचीही झोप उडवील असा आहे. २०२३ मध्ये प्रयोगशाळेत निदान झालेल्या जीवाणूजन्य संसर्गांपैकी जगभरात सरासरी सहांतील एक संसर्ग नेहमीच्या प्रतिजैविकांना जुमानत नव्हता. भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात हेच प्रमाण तिनांत एक होते. त्यापुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने औषधप्रतिरोधाविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. याआधीचा आराखडा २०१७ ते २०२१ या काळासाठी होता.

या पार्श्वभूमीवर दर काही महिन्यांनी एखादी दिलासादायक बातमी झळकते. कोणा विद्यापीठात ओव्याच्या किंवा दालचिनीच्या तेलाने 'सुपरबग' मेल्याचे सांगितले जाते. 'आजीबाईचा बटवा' अखेर विज्ञानाने मान्य केला, असा सूर लावला जातो आणि छोट्या बाटलीतील तेलांची विक्री वाढते. या बातम्या खोट्या नसतात, परंतु त्या अपुऱ्या असतात. जे सांगितले जात नाही तेच रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

संकट किती खोल?

प्रतिजैविकांचा पराभव हा काही अनपेक्षित अपघात नव्हे. १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता. औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जीवाणू मरणार नाहीत, उलट ते औषध सहन करायला शिकतील, असा त्याचा आशय होता. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस जीवाणू ब्रिटनमध्ये सापडले. हेच पुढे रुग्णालयांना छळणारे 'एमआरएसए' म्हणून कुप्रसिद्ध झाले.

भारताच्या बाबतीत या संकटाची जाहीर वाच्यता झाली ती २०१० मध्ये. कार्बापेनेम या अखेरच्या फळीतील औषधांना निष्प्रभ करणाऱ्या 'एनडीएम-१' या घटकावरील शोधनिबंध 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि नावातील 'नवी दिल्ली'वरून आपल्याकडे मोठा गदारोळ उठला. नावाचा वाद यथावकाश शमला, जीवाणू मात्र पसरतच राहिले. दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात अर्भकांच्या रक्तातील जंतुसंसर्गाचा अभ्यास झाला. त्यात सापडलेल्या अॅसिनेटोबॅक्टर जीवाणूंपैकी ८२ टक्के, तर क्लेबसिएला जीवाणूंपैकी ५४ टक्के अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणारे निघाले. जन्मून काही तास वा दिवस झालेल्या बाळासमोर उपचाराचे पर्यायच उरू नयेत, ही स्थिती कोणत्याही समाजाला लाजिरवाणी आहे.

मृत्यूंचे आकडेही बोलके आहेत. 'लॅन्सेट'मधील जागतिक अभ्यासानुसार २०१९ मध्ये औषधप्रतिरोधामुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, तर ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता. २०२५ ते २०५० या काळात अशा थेट मृत्यूंची संख्या ३ कोटी ९० लाखांवर जाईल, असा अंदाज २०२४ मध्ये वर्तविण्यात आला.

नव्या औषधांची आवक मात्र आटली आहे. प्रतिजैविक हे आठवडाभर घेण्याचे औषध. त्यातही नवे प्रतिजैविक शक्यतो राखून ठेवले जाते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीसारखी त्याची आयुष्यभर विक्री होत नाही. अमेरिकेतील अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. या उदाहरणाचा धसका औषध उद्योगाने घेतला नसता तरच नवल. पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी पिंपरीत १९५४ मध्ये सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी करणाऱ्या देशात नाफिथ्रोमायसिन हे स्वतःच्या संशोधनातून घडलेले न्यूमोनियावरील प्रतिजैविक मुंबईच्या वोक्हार्टने २०२४ मध्ये पुढे आणले. अशी उदाहरणे स्वागतार्ह असली, तरी विरळाच आहेत. अशा वेळी संशोधकांची नजर वनस्पतींकडे वळणे स्वाभाविक ठरते.

स्वयंपाकघरातील रसायनशास्त्र

बाळ-बाळंतिणीला दिली जाणारी ओव्याची धुरी, दुखऱ्या दातावरचा लवंगेच्या तेलाचा बोळा, सर्दीत निलगिरीचा वाफारा हे मराठी घराला नवे नाही. या वनस्पतींच्या उग्र वासाचे मूळ त्यांतील बाष्पनशील तेलात असते. वनस्पतीतून पाण्याची वाफ सोडली की हे तेल वाफेबरोबर निघते आणि थंड झाल्यावर पाण्यापासून वेगळे होते. ओव्याच्या तेलात थायमॉल, लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल, तर परदेशी ओरेगॅनोमध्ये कार्वाक्रॉल हे प्रमुख घटक असतात. कीड, बुरशी आणि जीवाणू यांपासून बचाव व्हावा म्हणून वनस्पतींनी घडविलेली ही रसायने आहेत.

आधुनिक वैद्यकाशीही त्यांचे नाते जुने आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्ग रोखण्यासाठी कार्बोलिक आम्ल म्हणजेच फिनॉल वापरले. थायमॉल, कार्वाक्रॉल आणि युजेनॉल हे रासायनिकदृष्ट्या याच फिनॉलच्या कुळातील आहेत. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तेथे त्यापासून थायमॉल काढले जाई. ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी 'टी ट्री' या झाडाचे तेल कार्बोलिक आम्लापेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी जंतुनाशक असल्याचे दाखविले. चहाशी या झाडाचा संबंध नाही. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावर मात्र ही तेले मागे पडली. आज प्रतिजैविके थकत चालल्यामुळे त्यांची पुन्हा आठवण झाली आहे.

या तेलांची मारण्याची रीत वेगळी आहे, हे त्यांच्याविषयीच्या आशेचे मुख्य कारण आहे. प्रतिजैविक बहुधा जीवाणूतील एखाद्या विशिष्ट प्रथिनावर किंवा क्रियेवर नेम धरते. जीवाणूने त्या जागी थोडा बदल केला की नेम चुकतो. तेलाचे रेणू स्निग्ध असल्याने ते जीवाणूच्या पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरतात, ते आवरण ढिले करतात आणि आतील पोटॅशियम व ऊर्जाद्रव्ये बाहेर गळू लागतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसत असल्यामुळे जीवाणूला बचाव उभारणे कठीण जाते. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस टी ट्री तेलापुढे साध्या स्टॅफिलोकोकसइतकाच हतबल ठरतो, तो यामुळेच.

बशीत आणि रक्तात

मग अडते कोठे? पहिली अडचण मात्रेची आहे. स्टॅफिलोकोकसची वाढ रोखण्यासाठी टी ट्री तेल साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडे कमी लागते. व्हॅन्कोमायसिनसारख्या प्रतिजैविकाचे काम लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅममध्ये होते. तेलाचे अर्धा टक्का म्हणजे लिटरमागे साडेचार हजार मिलिग्रॅमच्या आसपास. तफावत हजारो पटींची आहे.

हाच हिशेब शरीराला लावून पाहावा. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यात अर्धा टक्का तेल टिकवायचे तर केवळ रक्तातच २५ मिलिलिटर तेल हवे. प्रत्यक्षात ते रक्तात थांबतही नाही. ते चरबीत मुरते, प्रथिनांना चिकटते आणि यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करून बाहेर टाकते. दुसरीकडे, चमचाभर निलगिरी तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येऊन ती बेशुद्ध पडल्याच्या, कापरामुळे आकडी आल्याच्या आणि लवंगेच्या तेलामुळे यकृत निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. जीवाणूचे आवरण विरघळविणारे तेल माणसाच्या पेशीचे आवरणही सोडत नाही. तेव्हा रक्तातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर यांवर ही तेले पोटातून देऊन उपचार करणे सध्याच्या ज्ञानानुसार शक्य नाही.

दुसरी अडचण जीवाणूंच्या प्रकाराची आहे. ग्रॅम-निगेटिव्ह गटातील जीवाणूंना आणखी एक बाह्य आवरण असते आणि ते स्निग्ध रेणूंना सहजी आत येऊ देत नाही. त्यांतील स्यूडोमोनास तर आत आलेले रेणू पंपाने उपसून बाहेर फेकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये अद्ययावत केलेल्या सर्वाधिक धोकादायक जीवाणूंच्या गटात रिफॅम्पिसिनला दाद न देणारा क्षयाचा जीवाणू वगळता सारे ग्रॅम-निगेटिव्हच आहेत. ज्या शत्रूची सर्वाधिक धास्ती आहे, त्याच्यापुढे तेलांची धार बऱ्याचदा कमी पडते.

तिसरी अडचण मोजमापाची. पाणीदार जेलीवर तेलात भिजविलेली चकती ठेवून भोवतालचे जीवाणू कुठवर मेले ते मोजायचे, ही अनेक प्रयोगांची पद्धत. तेल पाण्यात विरघळत नाही आणि उडूनही जाते, त्यामुळे या वर्तुळाच्या आकारावरून तेलांची तुलना करणे फसवे ठरते. त्यातच एकाच वनस्पतीचे तेल जमीन, हंगाम, वाण आणि ऊर्ध्वपातनाची रीत यांनुसार बदलते. एका प्रयोगातले 'तुळशीचे तेल' आणि दुसऱ्यातले 'तुळशीचे तेल' हे दोन वेगळे पदार्थ असू शकतात.

रुग्णांवरील चाचण्या काय सांगतात?

रुग्णांवरील काटेकोर चाचण्या मोजक्याच आहेत. त्यांतील दोन या संदर्भात उद्बोधक ठरतात. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अंगावर एमआरएसए बाळगणाऱ्या दोनशेहून अधिक रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला नाकासाठी म्युपिरोसिन मलम आणि अंगासाठी क्लोरहेक्सिडिन हे प्रचलित उपचार, तर दुसऱ्याला टी ट्री तेलाचे मलम व अंगधुणे देण्यात आले. प्रचलित उपचाराने ४९ टक्के, तर तेलाने ४१ टक्के रुग्ण एमआरएसएमुक्त झाले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. तपशील मात्र अधिक महत्त्वाचा होता. नाकातील जीवाणू घालविण्यात म्युपिरोसिन स्पष्टपणे सरस ठरले (७८ टक्के विरुद्ध ४७ टक्के), तर त्वचेवरील जागांवर तेलाने प्रचलित उपचारावर मात केली.

दुसरी चाचणी उत्तर आयर्लंडमधील अतिदक्षता विभागांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे चारशे रुग्णांपैकी काहींना टी ट्री तेलयुक्त, तर काहींना साध्या साबणद्रवाने अंग पुसले गेले. तेलाच्या गटात नव्याने एमआरएसए लागण होण्याचे प्रमाण किंचित कमी दिसले, परंतु तो फरक योगायोगाचाही असू शकतो, इतका लहान होता. अतिदक्षता विभागात असे तेल सरसकट वापरावे, अशी शिफारस संशोधकांना करता आली नाही. दोन्ही चाचण्यांचा मथितार्थ एवढाच की, त्वचेवर तेलाला काही स्थान असू शकते. तथापि ते चमत्कार करीत नाही.

'नैसर्गिक' म्हणून बिनधोक नव्हे

तेलांना प्रतिरोध निर्माणच होत नाही, असा दावा विक्रेते हमखास करतात. तोही तपासून घ्यावा लागेल. बोस्टनमधील टफ्ट्स विद्यापीठातील स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने १९९७ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. फरशी पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पाइन तेलाच्या संपर्कात ई-कोलाय जीवाणू वाढविले असता त्यांतून असे वाण निवडले गेले, जे पाइन तेलाबरोबर अनेक प्रतिजैविकांनाही दाद देत नव्हते. विषारी रेणू बाहेर फेकणारा पंप त्यांच्यात अधिक जोमाने चालू झाला होता. टी ट्री तेलाच्या अपुऱ्या मात्रेबाबतही अशी शंका २००७ मध्ये व्यक्त झाली. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम किरकोळ आढळला. हा वाद मिटलेला नसला, तरी फ्लेमिंग यांचा इशारा येथेही लागू पडतो. साबणापासून कपड्यांपर्यंत सर्वत्र थेंब-थेंब तेल घालण्याची हौस म्हणजे नेमकी अपुरी मात्रा होय.

खरे स्थान कोठे?

मर्यादा लक्षात घेतल्या की उपयुक्ततेचे क्षेत्रही स्पष्ट होते. जेथे तेल थेट जीवाणूपर्यंत पोहोचू शकते आणि रक्तात जाण्याची गरज नसते, तेथे त्याला वाव आहे. तोंड हे त्याचे सर्वांत भक्कम उदाहरण. थायमॉल, मेन्थॉल व निलगिरीतील घटक असलेल्या गुळण्यांच्या द्रवाने दातांवरील थर आणि हिरड्यांची सूज कमी होते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. दंतवैद्य आजही दाढेत भरण्यासाठी झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचे मिश्रण वापरतात. वरवरच्या जखमा, त्वचा आणि रुग्णालयांतील पृष्ठभाग ही यापुढची क्षेत्रे असू शकतात.

दुसरे क्षेत्र पशुखाद्याचे आहे आणि प्रतिरोधाच्या दृष्टीने ते कदाचित अधिक निर्णायक ठरेल. जनावरांची आणि कोंबड्यांची वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. त्यानंतर थायमॉल, कार्वाक्रॉल आणि सिनॅमाल्डिहाइड यांच्या मिश्रणांना पर्याय म्हणून मागणी वाढली. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या अखेरच्या फळीतील औषधाच्या पशुखाद्यातील वापरावर बंदी आणली. बंदी घालताना पोल्ट्रीचालकाच्या हाती परवडणारा पर्याय दिला नाही, तर चोरवाटा निघतात. परिणाम सर्वत्र सारखे येत नसले, तरी येथे तेलांची पद्धतशीर तपासणी करण्याजोगी आहे.

तिसरी वाट प्रतिजैविकांना साथ देण्याची. जीवाणूचा उपसा पंप बंद पाडणारा वनस्पतिजन्य रेणू जुन्या औषधाला पुन्हा धार आणू शकतो. जम्मूतील केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये मिरीतील पिपरिनमुळे सिप्रोफ्लॉक्सासिनचा स्टॅफिलोकोकसवरील प्रभाव वाढतो, असे दाखविले होते. पिपरिन हे सुगंधी तेल नव्हे, पण मार्ग तोच. त्याच पिपरिनच्या साथीने रिफॅम्पिसिनची मात्रा २०० मिलिग्रॅमवर आणणारे क्षयरोगावरील संयुक्त औषध २००९ मध्ये भारतात बाजारात आले. तेथे पंपाशी नव्हे, तर औषध शरीरात अधिक शोषले जाण्याशी संबंध होता. शुद्ध रेणू, ठरलेली मात्रा आणि रुग्णांवर चाचणी या क्रमाने गेल्यास वनस्पतीतून औषध घडते, हे यातून दिसते. क्विंघाव या वनस्पतीतील आर्टेमिसिनिनमुळे तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले, तेही याच वाटेने.

भारताने काय करावे?

कच्च्या मालाची आपल्याकडे वानवा नाही. पुदिन्याच्या तेलात भारत जगात अग्रेसर आहे, तर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमुळे गवती चहासारख्या पिकांचे क्षेत्र वाढले आहे. लखनौच्या 'सीमॅप'सारखी संस्था हाताशी आहे. कमतरता आहे ती पुढच्या टप्प्यांची. बाटलीवर घटकांचे प्रमाण छापण्याची सक्ती, भेसळीची तपासणी, एकसारख्या पद्धतीने केलेले प्रयोग आणि मुख्य म्हणजे रुग्णांवरील चाचण्या यांसाठी पैसा लागतो. ओव्याच्या तेलावर एकाधिकार मिळत नसल्याने खासगी कंपनी तो खर्च करणार नाही. त्यामुळे ही जबाबदारी सार्वजनिक निधीनेच उचलावी लागेल.

तोपर्यंत हाती असलेली प्रतिजैविके टिकविण्याला पर्याय नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या निरीक्षणानुसार इमिपेनेम या कार्बापेनेम औषधाला दाद देणाऱ्या ई-कोलायचे प्रमाण २०१७ मधील सुमारे ८१ टक्क्यांवरून २०२३ मध्ये सुमारे ६३ टक्क्यांवर घसरले. महत्त्वाची प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीविना न विकण्याचा आणि त्यांची वेगळी नोंद ठेवण्याचा 'अनुसूची एच-१'चा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. केरळने २०२४ मध्ये औषध दुकानांवर छापे घालून त्याच्या अंमलबजावणीची मोहीम उघडली. इतर राज्यांनी, महाराष्ट्रानेही, तो कित्ता गिरविण्यास हरकत नसावी.

वाचकापुरता निष्कर्ष सरळ आहे. दात ठणकत असेल तर दंतवैद्याकडे जाईपर्यंत लवंगेचे तेल जरूर लावावे. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल किंवा जखम चिघळत असेल, तर तेलावर विसंबून दिवस घालवू नयेत आणि केमिस्टकडून परस्पर प्रतिजैविकही घेऊ नये. लहान मुलांना ही तेले पोटातून कदापि देऊ नयेत. सुगंधी तेलांवर संशोधन व्हायलाच हवे. मात्र त्यांच्या भरवशावर प्रतिजैविकांची उधळपट्टी चालू राहिली, तर दिल्लीच्या त्या अर्भकांवर आलेली वेळ उद्या कोणत्याही घरावर येऊ शकते.